मराठी अलंकार पाठ आहेत, तरी इंग्रजीच्या पेपरात मेटाफर, मेटोनिमी, आयरनी गोंधळ घालतात

साखळीची_वाचक

एफवायबीए, इंग्रजी मेजर. मराठीतले अलंकार शाळेपासून पाठ आहेत. उपमेय-उपमान वेगळं काढायला सांगितलं तर झोपेतही काढीन. पण तेच ज्ञान इंग्रजी कवितेला लावायला गेलं की अर्धं जुळतं आणि अर्धं तोंडावर पाडतं.

रूपक म्हणजेच मेटाफर असं धरून चाललं तर कुठे चुकतं? मग सिम्बॉल कुठे बसवायचा? मेटोनिमी आणि सिनेक्डकी यांतला फरक व्याख्या वाचताना कळतो, ओळ समोर आली की उडून जातो. आयरनीला सगळीकडे 'उपरोध' लिहिलेलं आहे, पण ड्रॅमॅटिक आयरनीत कोणी कोणाला टोमणा मारत नाही, मग उपरोध कसला? आणि मुख्य रडगाणं: पाच मार्कांच्या प्रश्नात डिव्हाइस बरोबर ओळखूनही दोनच मार्क पडतात आणि समासात शेरा असतो, 'इफेक्ट?' इफेक्ट म्हणून लिहायचं काय? 'त्यामुळे कविता प्रभावी होते' याच्या पुढे गाडी जात नाही.

गाइडमधल्या याद्या कृपा करून देऊ नका, त्या घरात ढीगभर आहेत.

मांडवीपार

मराठी अलंकार टाकून देऊ नका, तो तुमचा भांडवलाचा पैसा आहे. फक्त कोणतं नाणं तिकडे चालत नाही ते माहीत हवं.

उपमा आणि सिमिली जवळजवळ एकच. ख्रिस्तपुराणातली ओवी घ्या, 'जैसी हरळांमाजी रत्नकिळा, की रत्नांमाजी हिरा निळा, तैसी भाषांमाजी चोखळा भाषा मराठी'. 'जैसी-तैसी'ची जोडी म्हणजे उघड सिमिली, आणि एकाला एक जोडून दोन उपमानं रचलेली. (फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज, पुराण रायतूरला छापलं १६१६ मध्ये, म्हणजे शेक्सपिअर वारला त्याच वर्षी. इंग्रजी शिकणाऱ्या गोंयकाराने हे लक्षात ठेवायला हरकत नाही.)

उत्प्रेक्षेला मात्र इंग्रजीत वेगळं खातं नाही. 'जणू', 'गमे', 'वाटे' यांच्या जागी 'अ‍ॅज इफ' आलं तर ती ओळ सिमिलीतच जमा होते. आणि 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' दिसला की सिमिली, हा सापळा आहे. 'डिचोलीचा पाऊस वाळपईसारखा' ही नुसती तुलना, कारण दोन्हीकडे पाऊसच. सिमिलीला दोन वेगळ्या जातीच्या वस्तू लागतात. रॉबर्ट बर्न्स या कवीच्या ओळीत एकीकडे प्रेयसी, दुसरीकडे लाल गुलाब. 'अ‍ॅज'चा अर्थ तर कित्येकदा 'जेव्हा' किंवा 'कारण' एवढाच असतो.

आता रूपक. आपल्या शाळेच्या व्याख्येत उपमेय आणि उपमान दोन्ही हजर लागतात आणि त्यांच्यात अभेद दाखवायचा असतो: नयनकमल, संसारसागर. इंग्रजी मेटाफर याहून ऐसपैस. 'ही बार्क्ड अ‍ॅन ऑर्डर' यात कुत्रा शब्द कुठेच नाही, तो क्रियापदात लपलाय. हाही मेटाफर, त्याला इम्प्लाइड मेटाफर म्हणतात. शाळेची व्याख्या घेऊन शोधायला गेलात तर असे मेटाफर तुमच्या नजरेतून निसटणार, आणि उताऱ्यात विचारतात ते बहुधा हेच. म्हणून नामं सोडा, आधी क्रियापदं तपासा: हे क्रियापद खरं तर कोणाचं? पाऊस 'कुजबुजतो', पैसा 'वाहतो', भीती 'चावते'. मालक सापडला की उपमान सापडलं.

उपमेय-उपमानासाठी इंग्रजीत टेनर आणि व्हेइकल हे शब्द आहेत, आय. ए. रिचर्ड्‌स यांनी १९३६ मध्ये ते रूढ केले. साधारण धर्म, म्हणजे दोघांतलं साम्य, तो ग्राउंड. हे तीन शब्द उत्तरात वापरता आले तर निम्मं काम होतं, कारण ग्राउंड लिहावं लागलं की इफेक्टकडे वळावंच लागतं.

सिम्बॉलची कसोटी एकच. ती वस्तू प्रसंगात खरोखर आहे का? बर्न्सच्या कवितेत गुलाब कुठल्या बागेत उगवलेला नाही, तो फक्त तुलनेसाठी बोलावलेला आहे. शेक्सपिअरच्या नाटकात राजाचा खून केलेल्या मॅकबेथच्या हातावरचं रक्त मात्र खरं रक्त आहे, ओलं आहे, ते धुवावं लागतं, आणि तेच अपराधही होऊन बसतं. वस्तू जागेवर आहे आणि शिवाय काही जास्तीचं सांगते, तर सिम्बॉल. तीच वस्तू किंवा कल्पना नाटकभर पुनःपुन्हा येत राहिली तर तिला मोटिफ म्हणायचं. रक्त त्या नाटकात दोन्ही आहे, त्यात भांडण नाही.

आणखी एक नाणं: चेतनगुणोक्ती म्हणजे पर्सॉनिफिकेशन, हे चालतं. पण निसर्ग पात्राच्या मनःस्थितीचा रंग घेतो तेव्हा पथेटिक फॅलसी हा शब्द येतो. रस्किनने १८५६ मध्ये तो बनवला तो दोष दाखवायला. त्याचं उदाहरण होतं 'क्रूएल, क्रॉलिंग फोम': समुद्राचा फेस क्रूर नसतो, सरपटतही नाही, दुःखाने बघणाऱ्याची नजर तशी झालेली असते. आज हा शब्द निंदा म्हणून वापरत नाहीत, पण 'पथेटिक'चा अर्थ 'दयनीय' असा घेतलात तर उत्तर भलतीकडे जाईल.

कुळागर

मांडवीपार यांनी अनुप्रास सोडला, तिथेही एक खड्डा आहे. मराठीत अक्षर ऐकू येतं तसं लिहितात, त्यामुळे डोळ्यांनी मोजलं तरी चालतं. इंग्रजीत अ‍ॅलिटरेशन कानाने मोजायचं. 'नाइफ' आणि 'नी' यांत स्पेलिंग 'के'ने सुरू होतं, पण अ‍ॅलिटरेशन 'न'चं. 'फोन' आणि 'फिश' जुळतात, 'सिटी' आणि 'कॅट' जुळत नाहीत. आणि ध्वनी शब्दारंभी हवा, नाहीतर शब्दातल्या जोर येणाऱ्या अवयवाच्या आरंभी. मधल्या किंवा शेवटच्या व्यंजनांची पुनरावृत्ती म्हणजे कॉन्सोनन्स, स्वरांची म्हणजे असोनन्स. आपला अनुप्रास या सगळ्यांना एकाच मांडवात बसवतो.

आता मेटोनिमी. मराठीत याचं नातं अलंकारांशी कमी आणि लक्षणेशी (शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला अर्थ घेणं) जास्त आहे, म्हणूनच अलंकारांच्या यादीत शोधून सापडत नाही. 'पर्वरीत अजून ठरलेलं नाही' असं आपण म्हणतो. पर्वरी हे गाव काही ठरवत नाही. तिथे गोव्याची विधानसभा आणि सचिवालय आहे, म्हणून गावाचं नाव सरकारला चिकटलं. ही मेटोनिमी: सहवासामुळे एकाचं नाव दुसऱ्याला. 'कदंबा चुकली' म्हणजे कदंबा हे एसटी महामंडळ चुकलं नाही, त्याची बस चुकली. 'द क्राउन' म्हणजे राजसत्ता, तेही असंच.

'घरात खाणारी सात तोंडं' ही सिनेक्डकी: भाग सांगून पूर्ण माणूस. जहाजावरचं 'ऑल हँड्स' म्हणजे सगळे खलाशी, हात हा खलाश्याचा अवयव. उलटही होतं, पूर्ण सांगून भाग: 'भारत जिंकला' म्हणजे अकरा जण जिंकले.

ओळ समोर आली की विचारा: हा त्या वस्तूचा तुकडा आहे, की तिच्या शेजारची वस्तू? तोंड माणसाचा तुकडा. मुकुट राजाचा तुकडा नाही, डोक्यावरून उतरवून ठेवता येतो. तुकडा तर सिनेक्डकी, शेजार तर मेटोनिमी. काही जण सिनेक्डकीला मेटोनिमीचाच एक प्रकार मानतात, त्यामुळे पुस्तकापुस्तकांत वर्गवारी हलते. उत्तरात 'तुकडा की शेजार' हे कारण लिहिलंत की परीक्षक अडवत नाही.

मेटाफरशी गल्लत होऊ नये म्हणून एवढंच: मेटाफरमध्ये साम्य असतं, मेटोनिमीत नसतं. पर्वरी सरकारसारखी दिसत नाही.

तोंडी परीक्षेसाठी उच्चार: सि-नेक्-ड-की, जोर 'नेक्'वर. हायपर्बोली (अतिशयोक्ती), 'हायपरबोल' नव्हे. स्पेलिंग बघून वाचलं की दोन्ही हमखास चुकतात.

तिसरी_घंटा

आयरनीचं उत्तर नाटकातच आहे, बाय. 'उपरोध' हे फक्त व्हर्बल आयरनीचं भाषांतर. बोलतो एक, अभिप्रेत उलटं. व्याजस्तुती तिच्या अगदी जवळची. ज्युलियस सीझरमध्ये अँटनी ब्रूटसला पुनःपुन्हा 'ऑनरेबल मॅन' म्हणतो. शब्द तेच राहतात, पण प्रत्येक वेळी आधी सीझरच्या चांगुलपणाचा एकेक पुरावा येतो आणि शब्दातली हवा जात राहते. उत्तरात नुसतं 'रिपिटिशन' लिहू नका, पहिल्या वेळच्या आणि शेवटच्या वेळच्या 'ऑनरेबल'मध्ये काय बदललं ते लिहा. समोरच्याला बोचावं एवढाच हेतू असेल तर तो सार्कॅझम, आपला टोमणा.

ड्रॅमॅटिक आयरनी हा ज्ञानाचा फरक आहे. प्रेक्षकाला माहीत, पात्राला नाही. दशावतारात कीचकवध लागतो तेव्हा कीचक नटूनथटून नृत्यशाळेत शिरतो, अंधारात सैरंध्री वाट बघतेय असं समजून लाडात बोलतो. पांघरुणाखाली भीम आहे हे मंडपातल्या पोराटोरांना ठाऊक असतं. कीचकाच्या लाडिक वाक्यांत स्वतःहून उपरोध काहीच नाही; ती आपल्याला वेगळी ऐकू येतात ती आपल्याला जास्त माहीत आहे म्हणून. ओळखायला तीन गोष्टी लिहा: प्रेक्षकाला काय माहीत, पात्राला काय माहीत नाही, आणि त्यामुळे कोणत्या शब्दाला दुसरा अर्थ येतो. तिसरी लिहिली नाही तर मार्क अडकतात.

मॅकबेथच्या पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात डंकन राजा म्हणतो की चेहऱ्यावरून मन वाचण्याची कला नाही, त्या माणसावर माझा पूर्ण विश्वास होता. हे बोलतो तो देहदंड झालेल्या जुन्या सरदाराबद्दल, आणि त्याच क्षणी मॅकबेथ आत येतो. प्रवेश कुठल्या शब्दावर होतो ते बघा, अर्धी आयरनी तिथेच असते. छापील नाटक वाचताना कंसातल्या सूचना गाळायच्या नाहीत त्या यासाठी.

सिच्युएशनल आयरनी म्हणजे अपेक्षेच्या नेमकं उलट. लग्नात पाऊस आला ही आयरनी नव्हे, तो जून महिना. अग्निशमन दलाच्या ठाण्याला आग लागली ही आयरनी. नशिबाने केलेली अशी थट्टा असेल तर मराठीत 'दैवदुर्विलास' हा शब्द चांगला बसतो.

जाता जाता, 'स्वगत' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी भरू नका. सॉलिलक्वी: पात्र रंगमंचावर एकटं, किंवा एकटं समजून मन उघडं करतं. असाइड: बाकी पात्रं समोर आहेत, पण ऐकतो फक्त प्रेक्षक. ड्रॅमॅटिक मोनोलॉग: ही कविता, नाटक नव्हे, बोलणारा एक आणि ऐकणारा हजर पण गप्प, ब्राउनिंगच्या 'माय लास्ट डचेस'सारखी. तिथे बोलणारा जे लपवू पाहतो तेच त्याच्या तोंडून बाहेर पडतं.

साखळीची_वाचक

तुकडा-शेजार आणि कीचक, दोन्ही डोक्यात बसले. आता इफेक्टचं बघा. ओळ मॅकबेथच्या दुसऱ्या अंकातली, डंकनचा खून करून आलेल्या मॅकबेथच्या तोंडची, 'विल ऑल ग्रेट नेपच्यून्स ओशन वॉश धिस ब्लड क्लीन फ्रॉम माय हँड?' (नेपच्यूनचा अख्खा समुद्र तरी माझ्या हातावरचं हे रक्त धुऊन काढील का?) माझ्या उत्तराचा मराठी गोषवारा:

'या ओळीत हायपर्बोली आहे. त्यामुळे मॅकबेथच्या भावना तीव्रपणे व्यक्त होतात. नेपच्यूनचं अल्यूजन (पुराणकथेचा संदर्भ) आहे, त्यामुळे ओळीला भव्यता येते. रेटरिकल क्वेश्चन (उत्तराची अपेक्षा नसलेला प्रश्न) आहे, त्यामुळे वाचक विचार करतो. रक्त हे सिम्बॉल आहे.'

मांडवीपार

चारही डिव्हाइस बरोबर. पण तुमची 'त्यामुळे'नंतरची वाक्यं उचलून दुसऱ्या कुठल्याही कवितेखाली ठेवा, तिथेही शोभतील. जे वाक्य दुसरीकडे शोभतं ते खोडा. ही एक चाळणी लावली की काय उरतं आणि काय कमी आहे ते आपोआप दिसतं.

क्रम असा ठेवा. डिव्हाइसचं नाव, मग ओळीतले दोन-तीनच शब्द अवतरणात. मग त्या शब्दांचा शब्दशः अर्थ. मग त्या अर्थात विचित्र काय आहे. आणि शेवटी, हे याच पात्राने याच क्षणी का म्हणावं. पाच मार्कांना दोन डिव्हाइस पुरे; चार-चार मोजत बसलात की एकाचंही पोट भरत नाही.

तुमच्या ओळीवर लावून दाखवतो. 'ऑल' आणि 'ओशन' एकीकडे, 'हँड' दुसरीकडे: हातभर डाग आणि धुवायला समुद्रभर पाणी. प्रमाणातली ही तफावत म्हणजेच हायपर्बोली. नेपच्यून समुद्राचा देव, म्हणजे मॅकबेथ दैवी मदत धरूनही हिशेब करतोय आणि तरी पुरेल की नाही याची त्याला शंका आहे. अल्यूजनचं काम भव्यता आणणं नाही, अपराधाचं माप वाढवणं आहे. आता पुढची ओळ बघितल्याशिवाय थांबू नका. प्रश्नाचं उत्तर तोच देतो, आणि उलटं देतो: समुद्र हात धुणार नाही, हातच समुद्र लाल करील. म्हणून हा प्रश्न फार काळ रेटरिकल राहत नाही. तिथली शब्दकळाही ऐका: 'मल्टिट्यूडिनस', 'इन्कार्नडाइन' असे लांबलचक लॅटिन वळणाचे शब्द, आणि मग एकदम 'ग्रीन वन रेड', तीन आखूड ठोके. भाषा फुगते आणि मग नुसता रंग उरतो.

एवढ्यात मार्क आलेच. जास्तीचा हवा असेल तर काही ओळींनंतर लेडी मॅकबेथ म्हणते की थोडं पाणी घेतलं की झालं. याला समुद्र अपुरा, तिला थोडं पाणी पुरे. आणि पाचव्या अंकात झोपेत चालत, न दिसणारा डाग हातावरून घासत बसते ती तीच. हा मोटिफ, आणि आयरनीही. पण उतारा दुसऱ्या अंकापुरता दिला असेल तर पाचव्या अंकावर एकच वाक्य, जास्त नको.

इंग्रजीत लिहिताना 'ब्यूटिफुल', 'इफेक्टिव्ह', 'एन्हान्सेस' ही तीन क्रियापदं-विशेषणं स्वतःला बंद करा. त्यांच्या जागी 'रिव्हर्सेस', 'शिफ्ट्स', 'अंडरकट्स', 'एक्झॅजरेट्स', 'डिलेज' असलं क्रियापद आलं की पुढे काय उलटलं, काय सरकलं, हे सांगणं भागच पडतं.

यमाताराज

कोणी विचारलं नाही, पण पुढच्या सेमिस्टरला हे आडवं येणारच. इंग्रजी छंदाला लघु-गुरू लावू नका. आपलं अक्षरगणवृत्त उच्चाराच्या काळावर चालतं, इंग्रजी मीटर जोरावर, म्हणजे स्ट्रेसवर. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. लघु-गुरूने हा फरक सापडणार नाही.

गणांची सवय मात्र कामाची आहे. गुरूच्या जागी 'जोर' आणि लघूच्या जागी 'बिनजोर' घातलं की आयॅम्ब म्हणजे लगा (बिनजोर-जोर), ट्रोकी म्हणजे गाल (जोर-बिनजोर), अ‍ॅनपेस्ट म्हणजे स गण (दोन बिनजोर, मग जोर), डॅक्टिल म्हणजे भ गण (जोर, मग दोन बिनजोर). आयॅम्बिक पेंटामीटर म्हणजे पाच वेळा लगा. शेक्सपिअरची ओळ घ्या, 'शॅल आय | कम्पेअर | दी टू | अ सम | र्स डे': दहा अवयव, पाच ठोके. 'समर्स' शब्द मधे तुटला म्हणून घाबरू नका, भुजंगप्रयातात गण पाडतानाही शब्द तुटतोच. 'टू'वरचा ठोका नावापुरता आहे, तो मोठ्याने आपटून वाचला की कविता पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंप्यासारखी वाजते.

स्कॅन करताना आधी मोठ्या शब्दांचा जोर शब्दकोशातून लावायचा, मग उरलेल्या छोट्या शब्दांवर नमुना बसवायचा. उलटं केलं, म्हणजे आधीच लगा-लगा आखून शब्द कोंबले, की पहिल्या पायातला (फूटमधला, म्हणजे पहिल्या गटातला) बदल दिसत नाही. आणि ओळीच्या सुरुवातीला लगाचा गाल करणं ही इंग्रजी कवींची जुनी सवय.

यमकाचंही तसंच: 'लव्ह' आणि 'मूव्ह' डोळ्यांना जुळतात, कानाला नाही, त्याला आय राइम म्हणतात. राइम स्कीम लिहिताना अशी जोडी आली तर अक्षर तेच द्या, पण बाजूला नोंद करा. सुनीत म्हणून आपण ओळखतो तोच सॉनेट. शेक्सपिअरचा असेल तर तीन चौकड्या आणि शेवटी दोन ओळींची जोडी, पेट्रार्कचा असेल तर आठ आणि सहा. वळण, म्हणजे व्होल्टा, कुठे येतं ते शोधायला नवव्या ओळीपासून सुरुवात करा आणि 'बट', 'येट' यांच्यावर लक्ष ठेवा.

साखळीची_वाचक

शेवटची एक शंका, स्वतःच बनवलेली. 'पर्वरीचे हात बांधलेले आहेत.' ही मेटोनिमी, पर्सॉनिफिकेशन की मेटाफर?

कुळागर

तिन्ही. पर्वरी म्हणजे सरकार ही मेटोनिमी. सरकारला हात आले हे पर्सॉनिफिकेशन. 'हात बांधणे' हा मेटाफर, पण वापरून इतका गुळगुळीत झालेला की दोर कोणालाच दिसत नाही, म्हणून डेड मेटाफर. पेपरात मेटोनिमी आधी लिहा. पर्वरी हे नुसतं गावाचं नाव राहिलं तर हात कोणाचे, हा प्रश्नच उभा राहत नाही.